ब्लॉक-कोडिंगविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘स्क्रॅचच्या ठोकळ्यांवर शिकलेल्या मुलांना पुढे खरे कोडिंग जमत नाही, म्हणून थेट पायथॉनचा वर्ग लावा’ अशा आशयाचा संदेश सध्या नागपुरात, धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंतच्या पालकांमध्ये फिरत आहे. हा दावा चुकीचा आहे. (स्क्रॅच म्हणजे आज्ञांचे ठोकळे, अर्थात ब्लॉक, पडद्यावर जोडून प्रोग्रॅम बनवण्याचे साधन; पायथॉन ही आज्ञा टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा.)

डेव्हिड वाइनट्रॉप आणि उरी विलेन्स्की या संशोधकांनी अमेरिकेतील एका माध्यमिक शाळेत विद्यार्थ्यांच्या एका गटाला ५ आठवडे ब्लॉकवर आणि दुसऱ्याला तेवढाच काळ अक्षरी (टाइप करून लिहायच्या) कोडवर शिकवले, आणि त्यानंतर दोन्ही गटांना १० आठवडे जावा ही अक्षरी भाषा शिकवली. पहिल्या टप्प्याअखेर ब्लॉकचा गट पुढे होता. जावाच्या टप्प्यानंतर मात्र दोघांत लक्षणीय फरक उरला नाही. म्हणजे नुकसान काहीच झाले नाही, पण ‘ब्लॉक आले की पायथॉन आपोआप येते’ ही काही शिकवणीवर्गांची जाहिरातही (ती संदेशाइतकीच सैल आहे) यातून खरी ठरत नाही.

अडचण नेमकी ब्लॉककडून अक्षरी कोडकडे जाण्यात आहे. ठोकळे जोडताना कंस विसरणे किंवा शब्दाचे स्पेलिंग चुकणे शक्यच नसते, त्यामुळे मुलाचे सारे लक्ष तर्काकडे राहते. पायथॉनमध्ये मात्र ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली तरी प्रोग्रॅम अडतो. लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणे) आणि अट यांची समज सोबत येते, पण संगणकाने दाखवलेला चुकीबद्दलचा संदेश (एरर मेसेज) वाचून दुरुस्ती करण्याचा सराव वेगळाच द्यावा लागतो. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रमसुद्धा स्क्रॅचने सुरू होऊन मग सी भाषेकडे वळतो.