समोर ठेवल्यानंतर

आज दुपारी एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. गणपतीत भेटायचे राहून गेलेली आम्ही चार कुटुंबे होतो आणि पुरणपोळी झकास झाली होती, तेव्हा तक्रार जेवणाबद्दल नाही. पानावरून उठल्यावर गप्पा विम्याकडे वळल्या, त्याही माझ्यामुळेच, कारण केअरशील्ड या सिंगापूरच्या सक्तीच्या विमा योजनेच्या वर जादा पॉलिसी घ्यावी की घेऊ नये या प्रश्नाने आमच्या घरात गेले दोन महिने ठाण मांडले आहे आणि मी तो सहज बोलून दाखवला. यजमानांनी बडीशेपेची चिमूट तोंडात टाकत एका वाक्यात निकाल दिला, "हे सगळे इथल्या लोकांसाठी ठीक आहे, आपल्याकडे सांभाळायला कुटुंब असते." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय शाळांच्या प्रवेशांकडे गेला. मी गप्प बसले, कारण ज्याच्या घरी जेवलो त्याच्याशी हात वाळायच्या आत वाद घालू नये अशी आमच्याकडची शिकवण आहे. आता मात्र हात वाळले आहेत.

सिंगापूरबाहेरच्या मित्रमैत्रिणींसाठी आधी योजनेबद्दल थोडे सांगते. केअरशील्ड लाइफ ही सरकारी योजना १ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाली. १९८० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक नागरिकाला आणि पीआरला, म्हणजे कायमच्या रहिवाशाला, ती वयाच्या तिसाव्या वर्षापासून सक्तीची आहे, त्यामुळे १९८१ साली जन्मलेल्या मला तिच्यात राहायचे की नाही असे कोणी विचारलेच नाही. माणूस परावलंबी झाला तर ही योजना दरमहा रोख रक्कम देते आणि ती अवस्था टिकेल तोवर, म्हणजे वेळ आलीच तर मरेपर्यंत, देत राहते. २०२० मध्ये ही रक्कम ६०० डॉलर होती, २०२५ मध्ये ती ६६२ वर पोचली, आणि दावा एकदा लागू झाला की तुमच्यापुरता आकडा तिथेच थांबतो. या शहरात घरी राहणारी मदतनीस ठेवायची म्हटली तर तिचा पगार, तिचे जेवणखाण आणि रुग्ण घरात आहे म्हणून ३०० ऐवजी ६० डॉलरवर आलेली सरकारी लेव्ही, म्हणजे मदतनीस ठेवण्याबद्दल दरमहा भरायचा कर, एवढ्यातच ही रक्कम संपून वर पदरचे घालावे लागतात. नर्सिंग होमचे तर नावच काढू नये. ही तूट भरून काढण्यासाठी तीन खासगी विमा कंपन्या वरची पॉलिसी विकतात आणि तिचा हप्ता माणशी वर्षाला ६०० डॉलरपर्यंत मेडिसेव्हमधून, म्हणजे पगारातून सक्तीने कापून भरल्या जाणाऱ्या वैद्यकीय खात्यातून, देता येतो.

इथपर्यंत सगळे एजंटही सांगतो. तो जे भरभर बोलून पुढे जातो ते असे, की मूळ योजनेचे पैसे मिळण्यासाठी रोजच्या सहा क्रियांपैकी किमान तीन दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमेनाशा व्हाव्या लागतात. आंघोळ, कपडे, जेवण, शौच, घरातल्या घरात चालणे, आणि पलंगावरून खुर्चीत व खुर्चीतून पलंगावर जाणे, या त्या सहा क्रिया. प्रत्येकीची नेमकी व्याख्या दिलेली आहे. मी त्या व्याख्या गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकरा वाजता वाचल्या आणि मग पहाटेपर्यंत जागी राहिले, कारण मी त्या अण्णांना लावून पाहत होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. मार्च २०१३ मध्ये मिरजेच्या घरी, दाढी करता करता, त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. पक्षाघाताने उजवी बाजू गेली. अकरा दिवस रुग्णालयात काढून ते घरी आले, आणि त्या अकरा दिवसांचे बिल दादाने घेतलेल्या मेडिक्लेममधून फिटले. त्यानंतरची सहा वर्षे आणि चार महिने ते घरी होते. घरी असलेल्या माणसाला मेडिक्लेमचा काडीचाही उपयोग नसतो, हे आम्हाला तेव्हा कळले. अण्णांचा सिंगापूरच्या योजनेशी काहीही संबंध नव्हता, हे मलाही समजते. पण परावलंबी झालेला माणूस मी अगदी जवळून एकच पाहिला आहे, तेव्हा व्याख्या लावणार तरी दुसऱ्या कोणाला?

जेवणाची व्याख्या अशी आहे, की अन्न तयार करून समोर ठेवल्यानंतर ते स्वतःच्या हाताने खाता येणे. अण्णा खात असत. आई पोळीचे नखाएवढे तुकडे करून वरणात कुस्करी आणि ते खोलगट वाडग्यात घाली, वाडगे सरकू नये म्हणून त्याखाली ओला नॅपकिन पसरी, डाव्या हातात चमचा देई, आणि मग समोर स्टुलावर बसून राही, कारण घास उजव्या गालात अडकून राहिला तर तो त्यांना कळत नसे आणि एकदम ठसका लागे. हे एका जेवणाला पाऊण तास चाले. मात्र चमचा अण्णांच्याच हातात असे, त्यामुळे व्याख्येप्रमाणे अण्णा जेवणाच्या परीक्षेत उत्तीर्ण होतात. माझ्या आईची सहा वर्षे "समोर ठेवल्यानंतर" या दोन शब्दांच्या पोटात गडप झाली आहेत.

बाकीच्या पाच क्रियाही मी बोटांवर मोजल्या. आंघोळ जमत नव्हती. कपड्यांच्या व्याख्येत बटणे आणि बंद बांधणेही येते, आणि लेंग्याची नाडी एका हाताने बांधून दाखवणारा अजून जन्माला यायचा आहे, तेव्हा तीही नापास. पलंगावरून खुर्चीत ते स्वतः येत, कारण दादाने खिडकीच्या गजाला सुती दोर बांधून दिला होता. शौचाला जाऊन बसणे त्यांना जमे, पुढचे जमत नसे, म्हणून मी तिथे अर्धा गुण ठेवला. चालण्याची व्याख्या मात्र वाचावी अशीच आहे: एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, सपाट जमिनीवर. चार पायांची काठी घेऊन अण्णा सपाट जमिनीवर चालत असत. आमच्या मिरजेच्या घरात प्रत्येक दाराला उंबरठा आहे आणि प्रत्येक उंबरठ्यापाशी आई किंवा वहिनी उभी असे. व्याख्येत उंबरठा नाही. एकूण बेरीज अडीच झाली, आणि मूळ योजनेला तीन लागतात.

तपासणीला आलेला एखादा डॉक्टर उदार मनाचा निघाला असता आणि त्याने अडीचाचे तीन केले असते, हे मी मान्य करते. शेवटच्या दीड वर्षात सहाही क्रिया गेल्या होत्या आणि तेव्हा कोणाच्या उदारपणाची गरजच उरली नव्हती, हेही खरे. पण त्याआधीची जवळजवळ पाच वर्षे ते अडीचवरच होते, आणि आमचे घर मोडून पडले ते त्या वर्षांत.

आता त्या कुटुंबाबद्दल बोलते, जे म्हणे सांभाळायला असते. आमच्या कुटुंबात मी होते, जी दर महिन्याला पैसे पाठवून वर्षातून दोनदा दहा-बारा दिवस येत असे आणि आल्यावर आईला फिजिओथेरपीबद्दल उपदेश करत असे. दादा होता, ज्याची कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांची नोकरी होती. तो आला की अण्णांना उचलून आंघोळीला नेई, आणि त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. वहिनी होती, जिने बालवाडीतली नोकरी पहिल्याच वर्षी सोडली आणि ती परत कधीच धरली नाही. आणि आई होती. त्या सहा वर्षांत आई मिरजेबाहेर गेली ती एकदाच, मावशीच्या साठीशांतीला, तीही सांगलीला आणि दोन तासांसाठी. तेव्हा "कुटुंब सांभाळते" या वाक्यातला कर्ता कोण आहे, हे आपण सगळ्यांनीच एकदा नीट पाहावे. आजच्या यजमानांना दोन मुलगे आहेत, म्हणजे त्यांचा सगळा विमा अजून घरात न आलेल्या दोन सुनांवर उतरवलेला आहे. मला एक मुलगी आहे, बारा वर्षांची. ती आत्ता शेजारच्या खोलीत व्हायोलिन वाजवते आहे, वाईट वाजवते आहे, आणि मला तिला त्या स्टुलावर बसलेली पाहायचे नाही.

याच विषयात आणखी एक गोष्ट आहे, जी लिहिताना माझा रक्तदाब वाढतो. २०२० मध्ये तिशीच्या पुरुषाला मूळ योजनेचा वर्षाचा हप्ता २०६ डॉलर होता आणि तिशीच्या बाईला २५३. आयुष्यभर घरातल्यांचे आम्हीच करायचे, आणि स्वतःचे कोणी करावे यासाठी हप्ताही आम्हीच जास्त भरायचा! बायका जास्त जगतात आणि परावलंबी अवस्थेतही जास्त वर्षे काढतात, म्हणून गणित तसे येते, असे नवरा शांतपणे म्हणतो. गणित बरोबर असेल. बायका जास्त जगतात म्हणजे नवऱ्याचे सगळे करून झाल्यावर मागे उरतात, आणि त्यांच्या समोर बसायला कोणी उरलेले नसते, हा त्या गणिताचा उरलेला अर्धा भाग तो सांगत नाही.

नवऱ्याबद्दल अन्याय होऊ नये म्हणून त्याचे म्हणणेही लिहिते. मेडिसेव्हमध्ये पैसे नुसते पडून राहिले तरी त्यावर ४ टक्के व्याज मिळते. दरवर्षीचे ६०० डॉलर वीस-पंचवीस वर्षे तिथेच ठेवले तर बरी रक्कम जमते, आणि आपण धडधाकट राहिलो तर ती आपलीच असते. हा मुद्दा चुकीचा नाही, आणि माझ्याकडे त्याला चोख उत्तर नाही. माझ्याकडे फक्त एवढेच आहे, की अण्णांनीही बँकेत मुदत ठेवी केल्या होत्या, आणि "हे पैसे मुलांसाठी आहेत" असे म्हणून आईने त्यातला एक रुपयाही मदतीची बाई ठेवायला मोडू दिला नाही. साठवलेल्या पैशाला हात लावताना आपल्या लोकांचा जीव कासावीस होतो. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा मात्र ते खर्च करतात. आईने पेन्शन बिनधास्त खर्च केली, ठेवीला मात्र हात लावला नाही.

"आपण काय इथे म्हातारे होणार आहोत?" असेही आज कोणीतरी म्हणाले. मूळ योजनेचे पैसे परदेशात राहणाऱ्यालाही मिळतात, एवढे सांगून हा मुद्दा सोडून देते, कारण परत जाऊ परत जाऊ म्हणणारे आपण सगळे गेली पंधरा वर्षे तेच म्हणतो आहोत.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती लिहिताना मी जरा नरमते. सक्तीची योजना आमच्या पिढीत कोणालाही आजारपणासाठी नाकारत नाही. खासगी पॉलिसी मात्र आधी तब्येतीची प्रश्नावली पुढे करते. माझ्या नवऱ्याची साखर दोन वर्षांपूर्वी वाढली. त्याचा अर्ज नाकारला जाईल, नाहीतर हप्ता वाढेल, ही शक्यता त्याला माझ्या आधीच कळली होती, आणि चार टक्के व्याजाचे गणित तो इतक्या तळमळीने का मांडत होता ते मला कालपरवा उमगले. त्याला नाही म्हणून ऐकायचे नव्हते. मी महिनाभर त्याच्याशी आकड्यांवरून भांडले, ते उगीचच भांडले.

माझ्यापुरते मात्र ठरले आहे. काही पॉलिसी एक क्रिया अडली तरी पैसे देतात, काही दोन अडल्यावर. एकवाल्या महाग आहेत आणि माझ्या खिशाला झेपत नाहीत. मी दोनवाली घेणार आहे, अडीचसाठी. वरचे मिळणारे पैसे थोडे कमी असले तरी चालतील, पण तीनची वाट पाहायला लावणारी पॉलिसी मला नको. काही कंपन्यांच्या अटींत सुरुवातीचा तीन महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आहे, तेवढा शनिवारी एजंटकडून लिहून घेईन.

हे लिहायला बसण्याआधी मी आईला फोन केला होता. ती आता शहात्तर वर्षांची आहे. अण्णांच्या वेळी महिन्याला काही ठरावीक पैसे आले असते तर तू काय केले असतेस, असे विचारले. तिने फार वेळ घेतला नाही. म्हणाली, "रात्रीला एक बाई ठेवली असती आणि सलग झोपले असते." मग मी तिला सहा क्रियांचे सांगितले, अडीचचे सांगितले, आणि जेवणात अण्णा पास झाले असते हेही सांगितले, कारण वाडगे समोर ठेवल्यानंतर ते स्वतः खात होते. आई जरा वेळ गप्प राहिली. मला वाटले, उगीच जुने उकरून काढले. पण ती हसत होती.

"मग त्या तपासायला आलेल्या डॉक्टरला म्हटलं असतं, आज तुम्ही बसा स्टुलावर," ती म्हणाली, "मी तेवढ्यात गिरणीतून दळण घेऊन येते."