गरज सरो, वैद्य मरो : होतकरू नगरपित्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

मराठीत रुग्णवाहिका वेगळी आणि शववाहिका वेगळी. एका आडव्या माणसासाठी दोन-दोन शब्द, ही चैन आपल्यालाच परवडते. १९६६ सालच्या अमेरिकेत असली उधळपट्टी नव्हती. त्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल काढला. देशातली जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा धंदा करणारे सुमारे १२,००० व्यावसायिक चालवतात, असं त्यात सरळ लिहिलंय. कारणही दिलंय : माणूस आडवा मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असते. काय सोय आहे बघा! वाटेत काही बरंवाईट झालं तर गाडी बदलायला नको, नुसता पत्ता बदलायचा.

तर तुम्ही नगरपिता आहात, निदान व्हायची तुमची इच्छा आहे, असं धरून मी पुढे लिहितो. (इच्छा नसली तरी वाचा. ती कधी उपटेल सांगता येत नाही.) आपल्या शहरात एखादी नमुनेदार सेवा उभी राहावी, तिचं देशभर नाव व्हावं, पण ती उभी करणारी माणसं मात्र फोटोत येऊ नयेत, असं वाटत असेल तर पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गचा अभ्यास करा.

सुरुवात वस्ती पाडण्यापासून करावी. पिट्सबर्गच्या मुख्य बाजारपेठेला लागून हिल डिस्ट्रिक्ट नावाचा भाग आहे. कृष्णवर्णीयांची वस्ती, जॅझचे क्लब, दुकानं, चर्चेस. १९५०च्या दशकात विकासाची लाट आली आणि या टेकडीचा खालचा भाग, सुमारे ९५ एकर, सपाट झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं उठली, चारशेच्या घरात धंदे गेले. त्या जागी १९६१ साली सिव्हिक अरीना नावाचं भव्य क्रीडागृह उघडलं. त्याचं छप्पर यंत्राने सरकायचं. आठ हजारांच्या डोक्यावरचं छप्पर काढून प्रेक्षकांच्या डोक्यावर सरकतं छप्पर बसवायचं, याला नगररचना म्हणतात. हे शिकल्याशिवाय पुढचा धडा घेऊ नका.

मग उरलेल्या वस्तीला आजारी पडू द्यावं. पिट्सबर्गमध्ये कुणाच्या छातीत कळ आली की फोन पोलिसांना जायचा आणि पोलिसांची व्हॅन यायची. जिच्यातून रात्री पकडलेले लोक न्यायचे, तीच. आत कापडी स्ट्रेचर. रोगी मागे एकटा, पोलीस दोघेही पुढे. उचला, टाका आणि पळवा, एवढाच उपचार. परवा जी गाडी थोरल्या पोराला घेऊन गेली तीच आज आईसाठी बोलवायची, म्हटल्यावर हिलमधली बरीच माणसं फोनच करायची नाहीत. तक्रारी आपोआप कमी होतात. तक्रार करणारा उरला नाही की सेवा समाधानकारक आहे, असं कागदावर लिहायला तुम्ही मोकळे.

अडचण एवढीच की कधी कधी भलतंच माणूस कोसळतं. डेव्हिड लॉरेन्स हे १९४६ ते १९५९ या काळात पिट्सबर्गचे महापौर होते, नंतर राज्यपाल झाले. हिलच्या पाडापाडीचं नियोजन झालं, बुलडोझर फिरले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी एका प्रचारसभेत त्यांचं हृदय बंद पडलं. श्रोत्यांमध्ये योगायोगाने एक परिचारिका होती. तिने धावत जाऊन जमेल ते केलं. आणि मग न्यायला काय आलं? पोलिसांची व्हॅन. रुग्णालयात पोचेपर्यंत मेंदू गेला होता. सतरा दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, ते वारले. हिलमधल्या एखाद्या हमालाला जी गाडी मिळायची तीच माजी राज्यपालांना मिळाली. शहराने समता राखली नाही असं म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी त्याच शहरात आणखी एक मरण झालं. एलिझाबेथ नावाची एक मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. तिचे वडील त्या वेळी परगावी वैद्यकीय परिषदेला गेले होते. त्यांचं नाव पीटर साफार, मूळचे व्हिएन्नाचे, भूलतज्ज्ञ. या गृहस्थांनी १९५०च्या दशकात बाल्टिमोरमध्ये एक विलक्षण प्रयोग केला होता : औषध देऊन ज्यांचा श्वास थांबवलाय अशा स्वयंसेवकांना दुसऱ्या माणसाने तोंडाने श्वास द्यायचा, आणि रक्तातला प्राणवायू मोजायचा. तो पुरेसा भरला. आज जिथे तिथे शिकवतात ते सीपीआर, म्हणजे तोंडाने श्वास देऊन आणि छाती दाबून माणूस जगवण्याचं तंत्र, ज्या पायावर उभं आहे, त्यातला मोठा दगड हा. आणि त्यातली खरी गोम अशी की श्वास देणारे डॉक्टरच असायला हवेत असं काही नव्हतं. प्राण फुंकायला पदवी लागत नाही, हे साफारांना तेव्हाच कळलं होतं. नगरपित्यांनी अशा माणसापासून चार हात लांब राहावं.

कारण पुढे काय झालं बघा. फिल हॅलन नावाचे एक गृहस्थ फाल्क मेडिकल फंड या धर्मादाय निधीचे प्रमुख होते. तरुणपणी त्यांनी स्वतः रुग्णवाहिका चालवली होती. हिलमध्ये फ्रीडम हाउस नावाची संस्था होती, वस्तीतल्या लोकांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी झटणारी. हॅलन, साफार आणि ही संस्था १९६७ साली एकत्र आले आणि ठरलं की रुग्णवाहिका चालवायची, ती हिलमधल्याच माणसांनी. यात शाळा अर्धवट सोडलेले होते, व्हिएतनामहून परतलेले होते, पूर्वी तुरुंगाची हवा खाल्लेलेही होते. सरकारी भाषेत या सगळ्यांना एकच शब्द होता : नोकरीला नालायक. हा शब्द जपून ठेवा, पुढे लागेल.

या वेळी तुम्ही मध्ये पडू नका. हसा फक्त. वाटलं तर पाठीवर थाप द्या. अशा योजना आपोआप बुडतात.

ही बुडाली नाही, हा पिट्सबर्गचा दोष. साफारांनी या मुलांना तीनशे तासांचं शिक्षण दिलं. शरीररचना, हृदयाचं काम, रक्तस्राव थांबवणं, बाळंतपण, गाडी सांभाळून हाकणं. शस्त्रक्रियागृहात उभं केलं, शवागारातही नेलं. ज्यांची शाळा राहिली होती त्यांच्याकडून ती परीक्षाही पुरी करून घेतली. त्या काळी देशातल्या बहुतेक रुग्णवाहिकांवरच्या माणसाला प्रथमोपचाराची जुजबी माहिती असली तरी पुष्कळ. इथे मात्र हिलचा तरुण रस्त्यात गुडघे टेकून बेशुद्ध माणसाची मान मागे करतोय, श्वासमार्ग मोकळा करतोय, छाती दाबतोय. गाडीचा आराखडाही साफारांचा. माणूस नुसता न्यायचा नाही, नेता नेता वाचवायचा, यासाठी आतल्या वस्तू मांडलेल्या.

१९६८ साली गाड्या निघाल्या. पहिल्या वर्षी सुमारे ५,८०० फोन आले, ४,६०० हून जास्त रुग्ण नेले. साफार पक्के हिशेबी. त्यांच्या नोंदींप्रमाणे त्या एका वर्षात दोनशे जीव वाचले. नगरपित्याच्या दृष्टीने हा आकडा फार वाईट. वाचलेली माणसं बोलतात.

जॉन मून हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येईल. हा हिलचा पोरगा रुग्णालयात वॉर्डबॉय होता. एके दिवशी गणवेशातले दोन कृष्णवर्णीय तरुण स्ट्रेचर घेऊन आत आले. त्यांचं चालणं, बोलणं, आजूबाजूच्यांनी त्यांना वाट देणं, सगळं त्याने पाहिलं आणि ठरवलं की आपल्याला हेच व्हायचंय. तो फ्रीडम हाउसमध्ये दाखल झाला. पुढे रुग्णालयाबाहेर रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालणाऱ्या अगदी सुरुवातीच्या पॅरामेडिकांत, म्हणजे रुग्णवाहिकेवर उपचार करणाऱ्या प्रशिक्षित माणसांत, त्याचं नाव आलं. तरीही काही गोरे रुग्ण त्याला ‘हात लावू नकोस’ म्हणायचे. शिवाशिव पाळण्यासाठी श्वास चालू असावा लागतो, हे अशा वेळी कुणी सांगायचं, हा नाजूक प्रश्न आहे.

आता खरा धडा. १९७० साली पीटर फ्लॅहर्टी महापौर झाले. फ्रीडम हाउसचं काम ठरलेल्या हद्दीत होतं : हिल, ओकलंड आणि शहराचा मध्यभाग. बाकीच्या, म्हणजे बऱ्यापैकी गोऱ्या आणि काही ठिकाणी चांगल्या श्रीमंत भागांत, पोलिसांची व्हॅनच जात होती. हळूहळू तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की हार्ट अटॅक यायचा तर हिलमध्ये जाऊन आलेला बरा. कुरकुर सुरू झाली. गरिबांच्या वस्तीला चांगली सेवा, आणि आपण कर भरून व्हॅनमध्ये?

साधा माणूस म्हणेल, मग फ्रीडम हाउसच्या हद्दी वाढवा, गाड्या वाढवा. म्हणूनच साधा माणूस महापौर होत नाही. हद्द वाढवायची नाही. पैसे द्यायचे, पण वेळेवर द्यायचे नाहीत. करार करायचा, पण छोट्या मुदतीचा. संस्था दर महिन्याला पगाराच्या चिंतेत असली की आज मरतेय की उद्या असं दिसू लागतं, आणि मग आपण खेदाने म्हणायचं की यांना कारभार जमत नाही.

एवढ्यात १९७४ साली डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या तरुण बाई वैद्यकीय संचालक म्हणून आल्या. बाईंनी गाडीत बसून फेऱ्या मारल्या, रात्री-बेरात्री रेडिओवरून सल्ला दिला, शिक्षण आणखी कडक केलं. केंद्र सरकारला देशभरच्या पॅरामेडिकांसाठी अभ्यासक्रम हवा होता. तो बाईंनी लिहिला, आणि फ्रीडम हाउसच्या माणसांवर तो घासून-पुसून तयार झाला. म्हणजे ज्यांना सरकारी कागद नोकरीला नालायक म्हणत होते, त्यांच्या कामावरून देशभरच्या पॅरामेडिकांचा धडा लिहिला गेला. फार उशीर होण्याआधी हालचाल करण्याची वेळ हीच.

१५ ऑक्टोबर १९७५. फ्रीडम हाउसची सेवा त्या दिवशी संपली आणि पालिकेची स्वतःची सेवा रस्त्यावर आली. गाड्या तशाच, कल्पना तीच, तंत्र तेच. फ्रीडम हाउसच्या माणसांना सामावून घ्यायचं ठरलंच होतं. इथे नवशिके नगरपिते घाई करतात आणि कुणालातरी काढून टाकतात. चूक. काढायचं नाही कुणालाच. जोड्या फोडायच्या. ज्याने सात वर्षं रस्त्यावर माणसं जगवली त्याला अनुभव नसलेल्या गोऱ्या माणसाच्या हाताखाली द्यायचं. पुन्हा परीक्षा घ्यायच्या, पास नाहीतर घरी. जुने गुन्हे उकरायचे. रुग्णाच्या छातीवर हात ठेवताना जे कुणी विचारलं नव्हतं, ते पगाराच्या यादीवर नाव ठेवताना विचारायचं. एकेक माणूस मग आपल्या पायांनी जातो. तुमच्या हाताला डाग नाही, फाइलही स्वच्छ.

याचं फळ चाखायला थोडा धीर लागतो. १९९०च्या दशकाच्या शेवटी पिट्सबर्गच्या पालिका सेवेतले ९८ टक्के कर्मचारी गोरे होते. कृष्णवर्णीयांनी सुरू केलेल्या कामात कृष्णवर्णीय सापडेनासे होणं, तेही पंचवीस वर्षांच्या आत! भल्याभल्या साम्राज्यांना याला जास्त वेळ लागलाय.

पण कितीही काळजी घेतली तरी एखादा चिवट निघतो. मून टिकला. चढत चढत सहायक प्रमुख झाला, आणि वस्तीतल्या मुलांना भरतीत आणायच्या मागे लागला. २००९ साली निवृत्त झाला आणि तेव्हापासून हा सगळा इतिहास भेटेल त्याला सांगत राहिला. मिचेल ब्राउन नावाचे दुसरे फ्रीडम हाउसचे गृहस्थ तर क्लीव्हलंडच्या आणीबाणी सेवेचे आयुक्त आणि पुढे कोलंबस शहराचे सुरक्षा संचालक झाले. एका शहराने सोडलेला माणूस दुसरी शहरं उचलतात. शेजारच्या नगरपित्यांशी आधी बोलून ठेवलेलं बरं.

शेवटचा टप्पा आनंदाचा. २०२० साली पिट्सबर्गच्या एका बड्या रुग्णालय-समूहाने मागे पडलेल्या वस्त्यांतल्या तरुणांना आणीबाणी सेवेचं शिक्षण द्यायचा कार्यक्रम काढला. नाव दिलं, फ्रीडम हाउस २.०. बघितलंत? पहिलं बंद केलं नसतं तर दुसऱ्याला दोनचा आकडा कुठून मिळाला असता?

तुमच्या शहरात असा समारंभ कराल तेव्हा मूळच्या माणसांपैकी जे हयात असतील त्यांना पहिल्या रांगेत बसवा. शाल द्या, श्रीफळ द्या, फोटो काढा. माइक मात्र हातात देऊ नका. ही माणसं तारखेसकट बोलतात.