मला ‘नको’ म्हणायचं बटण द्या

परत आलं! गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा बंद केलेलं एआय मदतनीसाचं ते रंगीत चिन्ह आज सकाळी पडद्याच्या खालच्या पट्टीत पुन्हा येऊन बसलंय. रात्री अपडेट झालं म्हणे. म्हणजे मी झोपले असताना माझ्या टेबलावरच्या, माझ्या पैशांनी घेतलेल्या संगणकात कुणीतरी शिरलं, मी बाहेर टाकलेली वस्तू उचलून परत आत ठेवली आणि निघून गेलं. ये रे माझ्या मागल्या.

मी दस्त टाइप करते. गेली १७ वर्षं हेच काम. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, भाडेकरार, मृत्युपत्र. तालुक्याच्या गावी, निबंधक कचेरीपासून चालत दोन मिनिटांवर माझं छोटंसं ऑफिस आहे. सकाळी साडेनऊला शटर उघडलं की बाकावर माणसं बसलेलीच असतात. कुणाची दुपारी १२ ची वेळ असते, कुणाचा भाऊ मुंबईहून फक्त सहीपुरता आलेला असतो आणि त्याला रात्रीची गाडी पकडायची असते. अशा वेळी गट नंबर, हेक्टर-आर, आकार आणि चतुःसीमा टाइप करताना माझं सगळं लक्ष सातबाऱ्यावर असतं. एक आकडा चुकला तर दुसऱ्याच्या रानाची विक्री होते. आणि नेमकं तेव्हाच पडद्याच्या उजवीकडून एक पट्टी सरकत येते. ‘मी तुम्हाला लिहायला मदत करू का?’

नको. नको आहे मला. पण नको म्हणायची सोयच कुठे ठेवलीय? बटणं दोनच. एकावर ‘सुरू करा’, दुसऱ्यावर ‘आत्ता नको’. आत्ता नको म्हणजे काय? दुपारी पाहिजे? उद्या पाहिजे? पंक्तीत माणसानं ताटावर हात आडवा धरला की वाढणारा पुढच्या पानाकडे सरकतो. आग्रह करणारा असला तरी दोनदा विचारून सरकतो. इथे हात आडवा धरला तर हातावरच वाढतात, आणि वर रोज वाढतात.

कुठल्या कंपनीची सिस्टीम आहे ते मी लिहिणार नाही. माझं भांडण एकीशी नाही, कारण या बाबतीत सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत. ॲपलनं जानेवारी २०२५ मध्ये मॅक संगणकांच्या सिस्टीमची १५.३ ही आवृत्ती काढली, त्यात त्यांची ‘ॲपल इंटेलिजन्स’ ही एआयची सोय, ती ज्या यंत्रांवर चालू शकते तिथे, आपोआप सुरू व्हायला लागली. त्याआधी ज्याला हवी तो सुरू करत होता. आता ज्याला नको त्यानं सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची. शिवाय तिच्यासाठी ७ जीबी जागा मोकळी लागते. जागा माझी, डिस्क माझी, आणि आत राहायला हे. आयत्या बिळात नागोबा!

मला राग नेमका कशाचा आलाय ते सांगते.

गेल्या महिन्यात एक आबा आले होते. वय ८० च्या पुढे. मृत्युपत्र करायचं होतं. आधी त्यांनी दार लोटून घेतलं, मग खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. विहिरीजवळचं ४० गुंठे रान मुलीला द्यायचं होतं. मुलांना अजून सांगितलं नव्हतं, सांगायची हिंमतही नव्हती. मी टाइप करत होते, ते पडद्याकडे बघत होते. वाचता येत होतं त्यांना, जुनी सातवी पास. मुलीचं नाव आलं तिथे ते क्षणभर थांबले, मी पण थांबले. हात थांबला हे त्या यंत्राला कळलं असावं, कारण लगेच पट्टी उघडली: ‘हा मजकूर अधिक स्पष्ट करून देऊ का?’

आबांनी तो मजकूर वाचला. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “पोरी, ह्ये कोन वाचतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. १७ वर्षांत या खुर्चीवर बसून लोकांनी मला काय काय सांगितलंय. कुणी सुनेला वगळलं, कुणी दुसऱ्या बायकोच्या मुलाला नाव दिलं, कुणाच्या भावकीचा दावा चालू आहे. ते सांगतात, कारण त्यांना ठाऊक असतं की या बाईच्या तोंडून ते बाहेर जाणार नाही. माझा धंदा टायपिंगवर नाही, त्या विश्वासावर चालतो. आणि त्या माणसानं साधा प्रश्न विचारला तेव्हा मी, यंत्राची मालकीण, ‘कुणी नाही वाचत आबा’ असं छातीठोकपणे सांगू शकले नाही. मला स्वतःलाच खात्री नव्हती! मजकूर याच यंत्रात राहतो का बाहेर जातो, कधी जातो, कुठे साठतो, हे कळायला इंग्रजीतल्या कलमांची पानंच्या पानं वाचायची आणि ती वाचूनही ‘जाऊ शकतो’ एवढंच हाती लागायचं. आबा उठले. “पुना येतो,” म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी विसरणार नाही.

उगाच भीती घालतेय असं कुणाला वाटत असेल तर जाहीर झालेल्या गोष्टीच सांगते. मायक्रोसॉफ्टनं २० मे २०२४ रोजी ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पुढे कधीतरी शोधता येईल. पडद्याचा! माझ्या पडद्यावर दिवसभर दुसऱ्यांचे आधार, पॅन, खाते नंबर आणि कुणाला काय मिळणार याच्या याद्या असतात. सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी तपासलं तर ती सगळी माहिती सहज वाचता येईल अशी साठवलेली निघाली. केवढा गदारोळ झाला, तेव्हा जूनमध्ये ती पुढे ढकलली. मग ज्याला हवी त्यानंच सुरू करायची असं ठरलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती आली. ‘सिग्नल’ या निरोप पाठवायच्या ॲपवाल्यांना तर मे २०२५ मध्ये आपल्या विंडोज ॲपमध्ये स्वतःहून आडोसा घालावा लागला, म्हणजे त्यांच्या खिडकीचा फोटोच निघू नये. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून ‘विचारून सुरू करू’ झालं. आधी का नाही सुचलं? विचारणं एवढं अवघड असतं?

आणि बंद करायचं म्हटलं तर काय दिव्य करावं लागतं तेही बघा. विंडोज ११ मध्ये कोपायलट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस, आलं २०२३ च्या सप्टेंबरअखेर. ते रीतसर बंद करायची सोय ‘ग्रुप पॉलिसी’त, म्हणजे विंडोजच्या आतल्या नियमांच्या यादीत होती. पण ग्रुप पॉलिसीचा एडिटर विंडोजच्या होम आवृत्तीत दिलेलाच नाही, आणि घरात, दुकानात, कॉलेजच्या पोरांकडे जो साधा लॅपटॉप असतो त्यावर बहुधा होमच असते. म्हणजे ज्याच्याकडे संगणक सांभाळणारा आयटी विभाग आहे त्याला कुलूप मिळणार, एकट्यानं पोट भरणाऱ्याला नाही. ज्यांच्याकडे एडिटर आहे त्यांनी ‘टर्न ऑफ विंडोज कोपायलट’ हे कलम शोधायचं आणि ते ‘एनेबल’ करायचं. बंद करण्यासाठी सुरू करायचं! बाकीच्यांनी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात शिरून त्याच नावाची नोंद हातानं तयार करायची आणि तिला १ किंमत द्यायची. रजिस्ट्रीत एक चूक झाली तर यंत्रच अडून बसू शकतं. हे काम बाकावर माणसं बसलेली असताना मी करायचं?

बरं, एवढं करून पुढच्या वर्षी कंपनीनं कोपायलटचं वेगळं ॲप केलं आणि जुनं कलम त्याला लागूच होईना. लोकांनी घाम गाळून लावलेली कडी एका फटक्यात निकामी. आता ते ॲप इतर ॲपसारखं काढता येतं, हे मान्य आहे मला. पण एज ब्राउझरमधलं वेगळं बंद करायचं. नोटपॅडमधलं वेगळं. वर्डमध्ये बंद केलं म्हणून एक्सेलमध्ये बंद होत नाही, तिथे जाऊन पुन्हा खूण काढायची, आणि दुसऱ्या संगणकावर पुन्हा सगळं पहिल्यापासून. नोटपॅड! ज्याच्यात साध्या अक्षरांपलीकडे काही नाही म्हणून आम्ही वर्षानुवर्षं वापरतो, तिथेही ‘पुन्हा लिहून देऊ’ येऊन बसलं.

मार्च २०२५ मधलं तर ऐकाच. विंडोजच्या महिन्याच्या अपडेटमध्ये चूक झाली आणि काही लोकांच्या यंत्रांवरून कोपायलट आपोआप निघून गेलं. कंपनीनं ती चूक म्हणून जाहीर कबूल केली आणि दुरुस्तही केली. माझा मुद्दा एवढाच आहे: नको असताना ते यंत्रात येतं तेव्हा त्याला चूक का म्हणत नाहीत?

कळफलकसुद्धा सोडला नाही. जानेवारी २०२४ मध्ये कोपायलटची वेगळी कळ जाहीर झाली आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ती उजव्या कंट्रोलच्या जागी आली. दिवसभर टायपिंग करणाऱ्याला विचारा उजव्या कंट्रोलची किंमत. बोटांना जागा पाठ असतात, डोळे कागदावर असतात. पडद्यावरचं चिन्ह लपवता तरी येतं, कळ काय उपटून टाकायची?

कुणी म्हणेल, अहो ताई, वापरून तर बघा, काम हलकं होईल. बघितलं. चुकून क्लिक झालं होतं एकदा. खरेदीखतात आम्ही लिहितो, ‘सदर मिळकतीवर लिहून देणार यांचा कोणताही हक्क, अधिकार, हितसंबंध राहिलेला नाही.’ त्यानं तीन शब्दांचा एक ‘हक्क’ केला, वाक्य आटोपशीर झालं म्हणून. ते तीन शब्द शोभेला नसतात हो! उद्या कोर्टात वाद उभा राहिला तर त्यातल्या एका शब्दावर माणसाची जमीन टिकते. खाली दुसऱ्या परिच्छेदात ‘लिहून देणार’च्या जागी ‘लिहून घेणार’ झालं होतं. माझ्या नजरेला पडलं म्हणून वाचलं. नसतं पडलं तर विकणाराच घेणारा झाला असता. ज्याला उपयोग होतो त्यानं खुशाल वापरावं, माझी ना नाही. माझ्या भाच्याला परीक्षेच्या अभ्यासात होतो, तो स्वतः उघडून वापरतो. पण तो स्वतः उघडतो. माझ्या माथी का?

आपल्याकडे २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमात संमती कशी असावी ते लिहिलंय: मोकळेपणानं दिलेली, समजून दिलेली, विनाअट, आणि माणसानं स्वतः स्पष्ट कृती करून दिलेली. आणि ती मागे घेणंही दिली तितकंच सोपं असलं पाहिजे. मी हे कलम दोनदा वाचलं. दस्तांची भाषा मला कळते, त्यामुळे हेही कळलं. एका क्लिकमध्ये सुरू होतं तर एका क्लिकमध्ये बंद झालं पाहिजे, इतकं सरळ आहे ते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिलीय. तोपर्यंत काय, आम्ही रोज सकाळी झाडू मारायचा?

ऑस्ट्रेलियात निदान कुणी जाब तरी विचारला. तिथल्या ग्राहक आयोगानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. कोपायलट जोडून वर्ड-एक्सेलच्या संचाची (मायक्रोसॉफ्ट ३६५) वर्गणी वाढवली, पण कोपायलट नसलेली जुन्या दराची योजना शिल्लक आहे हे सुमारे २७ लाख ग्राहकांना नीट सांगितलं नाही, ती योजना वर्गणी रद्द करायला निघाल्यावरच दिसत होती, असा आरोप. कंपनीनं नंतर माफी मागितली, पैसे परत द्यायची तयारी दाखवली. म्हणजे ‘नको’ म्हणायची वाट होती. फक्त दिसणार नाही अशी ठेवली होती.

माझी मागणी फार मोठी नाही. एक बटण. मराठीत. ‘नको’. ते दाबलं की पट्टीतून, कळीतून, ब्राउझरमधून, लिहायच्या खिडकीतून, सगळीकडून जाऊ दे. आणि अपडेटनंतरही ते ‘नको’च राहू दे.

आबा चार दिवसांनी परत आले. मी कपाटातून जुना संगणक काढून ठेवला होता, २०१४ चा, उघडायलाच सहा मिनिटं घेणारा. त्यांच्यासमोर नेटची वायर काढली आणि त्यांच्या हातात दिली. संपूर्ण मृत्युपत्र होईपर्यंत ते ती वायर मुठीत धरून बसले होते.