कळसूबाई आणि उधारीचे बूट

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, हे मला चौथीपासून पाठ आहे. कळसूबाई, उंची १६४६ मीटर. नागपूरच्या पोराला या माहितीचा उपयोग परीक्षेत एक मार्क मिळवण्यापुरताच. आमचं गाव समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, आणि त्याहून वर चढायचं म्हटलं तर सेमिनरी हिल्स, नाहीतर उड्डाणपूल.

तो एक मार्क मला चाळीस वर्षांनी महागात पडला. ऑफिसात पुण्याहून बदलून आलेले एक साहेब आहेत. डबा उघडला की ते गड काढतात. ‘मागच्या वर्षी राजगड केला, हरिश्चंद्रगड दोनदा केला.’ आम्ही आजवर भरीत केलं होतं, झुणका केला होता. गडही करायचा असतो हे नवीनच. एके दिवशी माझ्या डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी उचलता उचलता ते म्हणाले, ‘तुमच्याकडे डोंगर नसतातच ना! मग तुम्ही लोक ट्रेकिंगला कुठे जाता, पाचपावलीच्या पुलावर?’

वडी आमची, आणि वर हे. मी म्हटलं, ‘पुढच्या महिन्यात कळसूबाई करून येतो.’

घरी सांगितलं. बायको म्हणाली, ‘करा ना. पण आधी गीझरचं करा.’

साळा आमच्याकडेच बसला होता. तो जन्मजात वकील आहे, सनद तेवढी नाही. तो म्हणाला, ‘भाऊजी, कळसूबाई आपली आहेच कुठं? नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. तेव्हा आपलं सर्वांत उंच शिखर पचमढीचं धूपगड. १३५० मीटर. आणि वरपर्यंत जीप जाते!’ मी त्याला राज्य पुनर्रचना समजावून सांगितली. तो म्हणाला, ‘तेच तर म्हणून राहिलो. २९६ मीटरसाठी जीप घालवली आपण.’ विदर्भावर झालेले अन्याय मी बरेच ऐकले आहेत, पण हा कोणाच्या भाषणात आला नव्हता.

असो. शिखर ठरलं होतं, वाट शोधायची होती. मला वाटलं, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम.

पहिल्या शोधात एक भोजनालय, एक मंगल कार्यालय आणि एक ट्रॅक्टरचं दुकान निघालं. ‘सू’ दीर्घ की ऱ्हस्व यावर निकाल बदलत होते. शाळेत शुद्धलेखनाला मार्क का असतात, हे त्या दिवशी कळलं. मग जिल्हा घालून बघितला, तर अहमदनगर लिहावं की अहिल्यानगर? काही ठिकाणी जुनं नाव, काही ठिकाणी नवं, आणि डोंगर बसलेला नेमका नगर आणि नाशिकच्या शिवेवर. अर्धे लोक म्हणतात अकोले तालुका, अर्धे म्हणतात इगतपुरीजवळ. मी घाईत अकोलेऐवजी अकोला वाचलं आणि पाच मिनिटं मोठ्या आनंदात होतो. अकोल्याला माझी मावशी असते.

शेवटी शिखर सापडलं. मोबाइलमधली बाई म्हणाली, ‘कलसूबाई.’ ळ तिला जमत नाही, पण आत्मविश्वास दांडगा. तिने घरापासून बारी नावाच्या गावापर्यंत निळी रेघ ओढली आणि पुढे ठिपके देऊन सांगितलं, चालत एक तास. साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेरचं अंतर आहे, म्हणून एक तास. मधे आठशे मीटरहून अधिक उंची चढायची आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. तिने नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर सकाळी फिरणारा माणूस धरला असावा.

मग कोणीतरी सांगितलं की डोंगर चढलेले लोक आपली वाट मोबाइलवर नोंदवतात आणि सगळ्यांसाठी ठेवतात. ती फाइल उतरवून घ्यायची आणि रेघेवरून चालायचं. मी एका रात्रीत अकरा फायली उतरवल्या. अकरा लोक एकाच डोंगरावर गेले होते हे एरवी पटलं नसतं. एकाची वाट सरळ कड्यातून आरपार गेलेली. त्याने मधे मोबाइल बंद करून पुढे चालू केला असणार, म्हणजे मधली रेघ मोबाइलने कल्पनेने भरली. एकाने अर्ध्या डोंगरावर गुंडाळाच गुंडाळा करून ठेवला होता, जणू लोकरीचा गुंता. तिथे तो रस्ता शोधत होता, रेंज शोधत होता की आडोसा, देव जाणे. एका महाभागाने नोंद मुंबईला घरीच चालू केली आणि परत घरी आल्यावर बंद केली. त्यामुळे त्याच्या कळसूबाई ट्रेकचं अंतर तीनशे किलोमीटर भरलं होतं. पुढे शेरा, ‘सोपा, लहान मुलांना जमेल.’

त्यातल्या त्यात एक रेघ अतिशय नीटस होती. ना गुंता, ना उडी. बारीतून वर जाते, शिखरावर टेकते आणि थोडी बाजूला सरकून खाली उतरते. काढणारा माणूस शिस्तीचा दिसला. मी ती रेघ घेतली. ‘थोडी बाजूला सरकून’ हे शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत. मी ठेवले नाहीत.

पण मोबाइलवर पूर्ण भरवसा ठेवणारा मी नाही. बॅटरी उतरली तर? कागदाचा नकाशा हवा. आणि नकाशाच्या बाबतीत नागपूरकराने तरी कमीपणा घेऊ नये. आमच्याकडे झिरो माईल आहे. चार घोडे आणि दगडी खांब. देशाचा मध्यबिंदू म्हणून आम्ही तो पाहुण्यांना दाखवतो. खरं तर ती ब्रिटिशांच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची, म्हणजे देशभरच्या मोजणीची, खूण आहे. मी स्फूर्ती घ्यायला तिथेही जाऊन आलो. खांबावर गावोगावची अंतरं आहेत. हैदराबाद आहे, जबलपूर आहे, शिवनी आहे, छिंदवाडा आहे. कळसूबाईजवळचं घोटी नाही. १८०२ साली ज्याने मद्रासहून ही मोजणी सुरू केली तो विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये हैदराबादेहून नागपूरला यायला निघाला आणि हिंगणघाटला वारला. सगळा दख्खन मोजलेला माणूस, नागपूर काही त्याला गाठता आलं नाही. हे वाचून मला धीर यायला हवा होता की खचायला, ते ठरलं नाही.

तर भारतीय सर्वेक्षण विभागाचं टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा सरकारी नकाशा. एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. प्रत्येक शीटला क्रमांक असतो. नागपूरचं ५५ ओ/४, कळसूबाईचं ४७ ई/१०. हा क्रमांक अक्षांश-रेखांशावरून मी स्वतः काढला आणि दोन दिवस घरात त्याच तोऱ्यात वावरलो. नकाशा संगणकावर उतरवून घेता येतो, पण त्याला ओटीपी लागतो, आणि माझ्या आधारला जोडलेला नंबर २०११ सालचा निघाला. तो आता कोणाकडे आहे माहीत नाही, पण त्या गृहस्थाला त्या आठवड्यात माझे नऊ ओटीपी गेले. शेवटी साळ्याच्या नंबरवरून काम झालं. ‘सरकारला वाटल मीच जाऊन राहिलो,’ तो म्हणाला.

फाइल घेऊन सीताबर्डीत मोठे प्रिंट काढणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने पडद्यावर नकाशा बघितला आणि विचारलं, ‘कोणत्या साइडचा ले-आउट आहे साहेब? मिहानकडचा का?’

‘नाही, भंडारदऱ्याकडचा.’

‘भंडाऱ्याकडं अजून भाव कमी आहे,’ तो म्हणाला. ‘एनए आहे ना? आरएल झालं?’

नागपुरात नकाशा म्हणजे प्लॉटचा, आणि एनए-आरएल म्हणजे त्या प्लॉटची कागदपत्रं. त्याला दुसरा अर्थ असतो हे मी त्याला सांगू लागलो, तर दुकानातले आणखी दोघे भाव ऐकायला जवळ आले. कळसूबाई हा डोंगर आहे म्हटल्यावर एक जण म्हणाला, ‘मंग तर फॉरेस्टची जागा असन. पैसा फसवू नका.’ कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यच आहे तिथे, त्यामुळे सल्ला चुकीचा नव्हता.

सबंध शीट महाग पडत होतं, म्हणून डोंगराभोवतीचा तुकडाच काढायचं ठरलं. ‘वरची साइड बसत नाही साहेब, कापू?’ मी बघितलं. वर नाशिक जिल्हा होता, एकदोन वाड्या, कुठलंसं गाव. आपली बारी नगर जिल्ह्यात, खाली. ‘कापा,’ म्हटलं. त्याने कापलं आणि उरलेलं ‘फिट टू पेज’ करून कागदभर पसरवलं. तेवढ्यात त्या नकाशाचं प्रमाण गेलं. आता दोन सेंटिमीटर म्हणजे किती, हे तो दुकानदारही सांगू शकत नव्हता आणि लॅम्बटन हिंगणघाटलाच राहिला.

घरी तो कागद भिंतीला लावला. वीस-वीस मीटरवर एक अशा तपकिरी समोच्च रेषा, बारीवरून शिखराकडे जाताना एकमेकींना चिकटलेल्या. बायकोने चष्मा लावून बघितलं. ‘हा कोणाचा अंगठा आहे? प्लॉट घेतला का तुम्ही मला न सांगता?’

बूट राहिले होते. आमच्या नागपुरातल्या इंदोरा चौकात माझा एक मित्र राहतो, तो एकदा हिमालयात जाऊन आला आहे. म्हणजे मनालीला. त्याच्याकडे तळाला खाचा असलेले बूट होते. मी इंदोऱ्याला जाऊन ते आणले, तर बायको म्हणाली, ‘लोकांची वस्तू जास्त दिवस घरात ठेवत नका जाऊ. गेल्या पायी परत करा.’ पुढचे तीन आठवडे ती रोज विचारायची, ‘बूट दिले का?’ मी गेलोच नव्हतो तर देणार कुठून?

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी निघालो. साळा गाडी चालवायला. समृद्धी महामार्गाने भरवीरपर्यंत ६०० किलोमीटर. त्यावर सांगण्यासारखं काही घडत नाही, तो रस्ताच तसा आहे. घोटीला मुक्काम केला, पहाटे बारीत पोचलो, आणि मी नकाशा उघडला.

उघडायची गरजच नव्हती. रविवार होता. सीताबर्डीच्या मेन रोडवर दिवाळीआधी असते तेवढी गर्दी त्या वाटेवर होती. दर वळणावर लिंबू सरबत, मॅगी, कणीस. समोरच्याच्या बॅगेवर नजर ठेवायची आणि चालायचं. तीन महिने मी जी वाट शोधत होतो ती चुकायची म्हटलं असतं तर मेहनत घ्यावी लागली असती. माझ्या गळ्यात होकायंत्र बघून एका आजीबाईंनी विचारलं, ‘डाक्टर का रं तू?’ आजी अनवाणी होत्या आणि माझ्या पुढे होत्या.

पहिल्या लोखंडी शिडीखाली रांग. साळ्याने शिडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘भाऊजी, धूपगडला जीप जाते.’ आणि पिठलं-भाकरीचा वास आला होता त्या दिशेने परत गेला. मी रांगेत. गावाला बारी का म्हणतात ते मला तिथे कळलं: अपनी बारी आने तक खडे रहो. (शब्दकोशात बारी म्हणजे खिंड. पण शब्दकोश लिहिणारा रविवारी आला नसावा.)

रांगेत पुढच्या बाईंनी कळसूची गोष्ट सांगितली. कोळ्याची पोर, कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस भांडी घासायला लावलीच, तशी ती तडक उठून डोंगरावर आली ती कायमची. ही गोष्ट घरी सांगायची नाही, एवढं मी तिथेच ठरवलं.

शिखरावरचं देऊळ इवलंसं. खाली भंडारदऱ्याचं पाणी, एका बाजूला अलंग-मदन-कुलंगचे कातळ. पंधरा मिनिटं मी काहीच बोललो नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना त्यावरून काय ते समजावं. मग पुण्याच्या साहेबांना फोटो पाठवायला गेलो, तर रेंज नव्हती.

उतरताना माणसाला हुशारी सुचते. शिड्यांवर वर येणाऱ्यांची गर्दी. मी मोबाइल काढला. ती नीटस रेघ थोडी बाजूला सरकून उतरत होती, आणि त्या बाजूला खरंच वाट होती, मोकळी. नाशिकची दोन पोरं त्याच वाटेने चालली होती. मी त्यांच्यामागे निघालो. बराच वेळ सरबतवाला दिसला नाही, तेव्हा वाटलं, संपलं असेल. आजीबाई दिसल्या नाहीत, तेव्हा वाटलं, पुढे गेल्या असतील. गुडघे बोलू लागले तेव्हा मी पोरांना विचारलं, ‘बारी किती राहिली?’

‘बारी? काका, बारी तिकडं राहिली. डोंगराच्या पलीकडं. हे इंदोरे.’

खिशातून नकाशा काढला. वरच्या काठावर दुकानदाराची कात्री स्वच्छ चालली होती.

गावात पोचल्यावर रेंज आली. साळ्याला फोन केला. डोंगराला वळसा घालून यायचं ऐकून त्याने आधी ताक संपवलं. तेवढ्यात घरून फोन.

‘उतरले का? कुठं आहात?’

थकलेला माणूस जास्त शब्द वापरत नाही. म्हटलं, ‘इंदोऱ्यात.’

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही.

‘बाप्पा! म्हणजे तुम्ही गेलेच नाही? दोन दिवस त्याच्याच घरी बसून होते?’

‘अगं, हे इंदोरे वेगळं—’

‘राहू द्या. तिथंच आहात तर बूट देऊन या.’