सागरचित्रकार सुधारा, पाय न भिजवता

विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशातली एखाद्या सागरचित्रकाराची नोंद सुधारायला घेतली असेल तर आधी तुमचं अभिनंदन. निवड चोख आहे. राजकारण्याच्या नोंदीला हात लावला की दहा जण अंगावर धावून येतात, खेळाडूच्या नोंदीत आकडे जुळवावे लागतात. समुद्र रंगवणारा माणूस मात्र केव्हाच वारलेला असतो, त्याची चित्रं लांबच्या संग्रहालयांत टांगलेली असतात आणि लाट खरंच अशी फुटते का, हे विचारायला कोणी येत नाही.

समजा, तुम्ही इव्हान आयवाझोव्स्की निवडलात. जन्म 1817, क्रिमियातलं फिओदोसिया हे बंदराचं गाव. गाव तेव्हा रशियन साम्राज्यात, घर आर्मेनियन, बाप्तिस्म्याचं नाव होव्हानेस आणि आज क्रिमियावरून काय चाललंय ते जगजाहीर आहे. म्हणजे 'आयवाझोव्स्की हा अमुक चित्रकार होता' या पहिल्याच वाक्यातल्या 'अमुक'च्या जागी किमान तीन शब्द बसतात. एखादा साधाभोळा माणूस हे सगळं दोन ओळींत सांगून मोकळा होईल: जन्म कुठला, घरची भाषा कोणती, चाकरी कोणाची. तुम्ही तसं अजिबात करू नका. एकच शब्द धरून बसा. 2023मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमने त्याला रशियनचा युक्रेनियन केला आणि आरडाओरडा झाल्यावर युक्रेनियनचा आर्मेनियन केला. एवढ्या मोठ्या संस्थेला एक विशेषण सांभाळता आलं नाही, तर तुम्हाला वर्षभर पुरेल एवढं काम त्यात नक्कीच आहे.

त्याची खरी गुंतागुंत दाखवणारी माहिती मात्र जपून खाली ढकला. 1844 पासून तो रशियन नौदलाच्या मुख्यालयाचा चित्रकार. कॉन्स्टँटिनोपलच्या सुलतानांसाठीही त्याने चित्रं केली, पदकं घेतली. 1890च्या दशकात ऑटोमन राज्यात आर्मेनियनांच्या कत्तली झाल्या तेव्हा म्हाताऱ्याने ती पदकं समुद्रात भिरकावली, असं सांगतात. हे वाक्य वर आलं तर वाचकाला माणूस कळायला लागेल आणि विशेषणाचं भांडण निष्कारण मिटेल. म्हणून त्याची जागा 'इतर माहिती'त, पदकांच्या यादीच्या आणि टपाल तिकिटांच्या मध्ये कुठेतरी.

आता तारखा. इथे तर खाणच आहे. जुन्या ज्यूलियन गणनेनुसार त्याचा जन्म 17 जुलै 1817चा आणि मृत्यू 19 एप्रिल 1900चा. नव्या ग्रेगोरियन गणनेत त्याच तारखा होतात 29 जुलै आणि 2 मे. बारकाईने पाहिलंत तर जन्माला 12 दिवसांचा फरक पडतो आणि मृत्यूला 13 दिवसांचा. ज्यूलियन गणनेत 1900 हे लीप वर्ष होतं, ग्रेगोरियनमध्ये नव्हतं. त्या फेब्रुवारीअखेर दोन गणना आणखी एका दिवसाने दुरावल्या. हे तुमच्या लक्षात आलं असेल तर गप्प बसा. कोणीतरी उत्साही सदस्य येऊन 'दोन्हीकडे फरक सारखा हवा' असं म्हणत 2 मेचा 1 मे करणारच. तुम्ही कारण न देता पुन्हा 2 करा. तो 1 करेल. तळटीपेत एक ओळ टाकली तर हा प्रकार कायमचा थांबेल, म्हणून तळटीप टाकायची नाही. महिनाअखेरीस दोघांच्याही खात्यावर भरघोस संपादनं जमा झालेली असतील आणि चित्रकार आहे तिथेच, फिओदोसियात पुरलेला.

चरित्र रंगतदार करायचं तर डोलकाठी लागतेच. सागरचित्रकार वादळात स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, हा नियम आहे. अठराव्या शतकातल्या क्लोद-जोझेफ व्हर्नेने बांधून घेतलं होतं म्हणतात. त्याच्या नातवाने, ओरास व्हर्नेने, 1822मध्ये आजोबांचा तो प्रसंग चक्क रंगवला. मग इंग्रज चित्रकार टर्नर. 1842मध्ये त्याने बर्फाच्या वादळात सापडलेल्या आगबोटीचं चित्र प्रदर्शनात मांडलं आणि लांबलचक शीर्षकातच लिहून टाकलं की 'एरियल' बोट हारविच बंदरातून निघाली त्या रात्री लेखक, म्हणजे चित्रकार, स्वतः या वादळात होता. पुढे तोंडी कथा अशी पसरली की खलाशांनी त्याला चार तास डोलकाठीला बांधून ठेवलं होतं. वय सदुसष्टच्या घरात, अभ्यासकांना त्या वर्णनाशी जुळणारी 'एरियल' काही सापडत नाही, आणि कथा तर व्हर्नेच्या घरातून उचलल्यासारखी. पण तुम्ही असल्या शंकांनी खचू नका. 'असे म्हटले जाते' हे तीन शब्द पुढे जोडले की कोणतीही सांगोवांगी ज्ञानकोशात राहायला पात्र होते. हे वाक्य एका चित्रकाराच्या नोंदीतून उचलून दुसऱ्याच्या नोंदीत चिकटवता येतं, हा आणखी एक फायदा. फक्त गलबताचं नाव बदलायला विसरू नका. विसरलात तरी चालेल.

आयवाझोव्स्कीच्या नोंदीत डोलकाठीच्या जागी टर्नरच आणून बसवा. 1842मध्ये रोममध्ये टर्नरने त्याचं चांदण्यातल्या नेपल्सच्या उपसागराचं चित्र पाहिलं आणि भारावून इटालियनमध्ये कविता केली, ही कथा पुस्तकापुस्तकांतून चालत आली आहे. टर्नरची नोंद त्याच ज्ञानकोशात एका टिचकीवर आहे. ती उघडायची नाही. उघडलीत तर कळेल की टर्नरचा रोमचा शेवटचा मुक्काम 1828-29मधला आणि 1842चा त्याचा प्रवास स्वित्झर्लंडचा. मग एवढी गोड कथा 'खात्री नाही' या दावणीला बांधावी लागेल. दोन नोंदींनी एकमेकींकडे पाठ फिरवून बसणं हीच ज्ञानकोशातल्या शांततेची पूर्वअट आहे.

संदर्भ हवेतच, त्याला इलाज नाही. पद्धत सोपी आहे. आधी नोंदीत वाक्य लिहा. काही महिन्यांनी एखाद्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत ते तसंच छापून येतं, कारण पुरवणीवाल्यांनाही घाई असते. मग ती पुरवणी संदर्भ म्हणून आपल्याच वाक्याला जोडा. बाबा वाक्यं प्रमाणम्, आणि बाबा आपणच.

कोणी म्हणेल, छापील पुस्तकांत तरी बरोबर असतं. अशा माणसाला अमेरिकेतल्या ग्लॉस्टरच्या लेन या चित्रकाराचं उदाहरण सांगू नका. जन्मनाव नॅथॅनिएल रॉजर्स लेन, पुढे त्याने रीतसर अर्ज करून नाव फिट्झ हेन्री लेन करून घेतलं. कुबड्यांवर चालणारा हा माणूस शांत बंदरं आणि नांगरलेली गलबतं अशी रंगवायचा की पाण्यावर ओरखडासुद्धा दिसू नये. मेल्यावर हेन्रीचा ह्यू झाला. जवळजवळ अख्खं विसावं शतक ग्रंथांत, सूचींत, संग्रहालयांच्या पाट्यांवर फिट्झ ह्यू लेन. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणीतरी सरकारी दफ्तरात हात घातला आणि त्याचा तो अर्ज बाहेर आला. आता विचार करा, तो कागद घेऊन तो माणूस तुमच्या नोंदीवर आला असता तर तुम्ही काय केलं असतं? बरोबर. 'प्राथमिक साधन चालत नाही, दहा ग्रंथांत ह्यू आहे' असं लिहून अर्ध्या मिनिटात परतवला असता. धोरणाला धरून, सभ्य भाषेत.

परीक्षणाची पायरी आली की आवाज बदला. चर्चापानावर लिहा: 'प्रस्तावना त्रोटक वाटते.' ती वाढवली की लिहा: 'प्रस्तावना पसरट वाटते.' 'गद्याला ओघ हवा' हा शेरा कायम हाताशी ठेवा, कारण तो कोणत्याही गद्याला लागू पडतो. नेमकं कुठे अडतंय ते सांगितलंत तर लेखक ते दुरुस्त करेल आणि तुमचं परीक्षण संपेल.

आयवाझोव्स्कीच्या चित्रांची संख्या ठळक द्या: सुमारे 6000. हा आकडा सगळीकडे आहे, घ्या. साठ वर्षांच्या कामात वाटला तर साडेतीन-चार दिवसांना एक चित्र पडतं, हा हिशेब नोंदीत नको. तो दिला तर 'मग हा रंगवायचा तरी कसा?' असा प्रश्न वाचकाला पडेल आणि त्याचं उत्तर द्यायला चित्रांकडे वळावं लागेल. तिकडे जायचं नाही, असं आपलं ठरलंय.

चित्रांसाठी तक्ता करा. नाव, साल, माप, ठिकाण. 'नववी लाट', 1850, 221 × 332 सेंटिमीटर, रशियन म्यूझियम, सेंट पीटर्सबर्ग. कलेच्या जगात उंची आधी लिहितात. तुम्हाला ते उलटं वाटेल, तर आकड्यांची अदलाबदल करून टाका. समुद्र रुंदीपेक्षा उंच झालेला कोणाच्या लक्षात येणार?

कधीतरी एक नवखा येईल, त्यासाठी सावध राहा. हा प्राणी चित्र पाहून आलेला असतो. तो येऊन तीन-चार ओळी टाकेल: 'नववी लाट'मध्ये सूर्य लाटांच्या मागे आहे, म्हणून लाटेचा माथा जिथे पातळ होतो तिथे उजेड पाण्यातून आरपार येतो आणि पाणी हिरवं पेटतं; खाली जाड पाणी आहे तिथे तेच काळपट होतं. तुटलेल्या डोलकाठीला धरून असलेली माणसं अजून त्या काळपट भागात आहेत, ऊब त्यांच्या पलीकडे आहे. हा परिणाम रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवून येतो. आणि हे किनाऱ्यावर बसून केलेलं नाही. वीज, वाऱ्याचा झोत, लाटेचा फटकारा समोर पाहून रंगवता येत नाहीत, असं चित्रकाराचं ठाम मत होतं. तो पाहून घ्यायचा आणि खोलीत बसून आठवणीतून रंगवायचा, म्हणून हात एवढा झपाट्याने चालायचा.

तक्रार करावी असं यात काहीच नाही, हीच अडचण. वाचकाने एवढं वाचलं तर वरची विशेषणं, तारखा, डोलकाठ्या कशाचीच त्याला गरज उरणार नाही. तेव्हा वेळ दवडू नका. 'मूळ संशोधन', म्हणजे आधाराविना स्वतःचंच म्हणणं, हा तयार साचा लावा, मजकूर उलटवून पूर्वीसारखा करा आणि नवख्याच्या पानावर स्वागताचा साचा ठेवा, तो मोठा आणि रंगीत असतो. बिचारा चर्चापानावर विचारेल, 'आपण हे चित्र पाहिलंय का?' त्याला लिहा: 'चित्र पाहिलेलं असणं ही संपादनाची अट नाही. कृपया धोरण वाचावे.' आणि जतन करण्यापूर्वी 'किरकोळ संपादन' या चौकोनात खूण करा.