तळहात शिरला म्हणून टायर बसतोच असे नाही

पिकअपच्या कंपनीने दिलेल्या रिमवर मूळ मापापेक्षा थोडे मोठे टायर घालायचे, एवढे साधे काम घेऊन मी टायरच्या दुकानांत गेलो आणि तिथे मोजमापाबद्दल जी बेफिकिरी पाहिली, तिने माझ्या अंगाची लाही लाही झाली आहे. चार टायरांना पन्नास हजारांहून अधिक रुपये मोजायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाच्या एकाही प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे नाही आणि गोदामात जे पडून आहे ते त्याच्या गळ्यात मारायचे, हा सरसकट रिवाज झाला आहे.

मला मोठे टायर हौसेसाठी नकोत. बाग रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि डांबरी रस्ता सोडला की पुढे जांभ्याचा उघडा कातळ लागतो. त्याच्या धारदार कडांनी टायरची बाजू कापली जाते, पावसाळ्यानंतर चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो, आणि हंगामात याच वाटेने आंब्याच्या भरलेल्या क्रेट बाहेर काढाव्या लागतात. म्हणून बाजूची उंची थोडी वाढवायची, खोल खाचांचा ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही वाटांवर चालणारा टायर घ्यायचा आणि चांगले असलेले रिम बदलायचे नाहीत, एवढीच माझी गरज आहे.

गाडीच्या टायरचे मूळ माप २६५/६५ आर १७ आहे. रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १७ इंच, असा त्याचा अर्थ आहे. हिशेब केला तर पूर्ण टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर भरतो. २६५/७० घेतला तर तो ८०३ होतो, म्हणजे वाढ साडेतीन टक्क्यांच्या आत राहते. २८५/७० घेतला तर तो ८३१ होतो आणि वाढ सात टक्क्यांवर जाते. मूळ व्यासापेक्षा साधारण तीन टक्क्यांच्या फार पलीकडे जाऊ नये, हा दंडक या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक असायला हवा. तरीही एकामागून एक दुकानदाराने मला २८५/७० चाच आग्रह केला, कारण काय, तर गाडी भरलेली दिसते. व्यासातली वाढ जमिनीपासूनच्या उंचीत निम्मीच मिळते, म्हणजे एवढा धोका पत्करून हाती येणार फक्त २७ मिलिमीटर, हे त्यांपैकी एकानेही सांगितले नाही.

याच सात टक्क्यांमुळे स्पीडोमीटर आज दाखवतो त्याच शंभरच्या आकड्यावर गाडी सात टक्के अधिक वेगाने पळेल. ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी अंतर नोंदवेल, त्यामुळे सरासरी आहे त्याहून खराब दिसेल आणि सर्व्हिसिंगही लांबेल. गिअरिंग उंच झाल्यामुळे भरलेली गाडी घाटात खालच्या गिअरमध्ये दमेल, आणि जड चाक थांबवताना ब्रेकवर भार येईल तो वेगळाच. या गोष्टी गिऱ्हाइकाला सांगणे हे विकणाऱ्याचे काम नाही काय?

एका ठिकाणी मालक स्वतः उठून गाडीजवळ आला, तेव्हा मला क्षणभर बरे वाटले. गाडी रिकामी होती, सपाट फरशीवर उभी होती, चाके सरळ होती. त्याने टायरच्या माथ्यावर आणि मडगार्डच्या मधल्या जागेत आपला तळहात सरकवला, तो आत गेला, आणि "हात जातोय की, बसतो साहेब" असे म्हणून तो परत गल्ल्यावर जाऊन बसला. टायर सहसा तिथे घासतच नाही! स्टिअरिंग पूर्ण वळवले की तो पुढे बंपरच्या आतल्या प्लास्टिकला आणि मागे केबिनच्या बाजूच्या कोपऱ्याला लागतो, आणि मागे माल असताना एखाद्या खड्ड्यात सस्पेन्शन दबले की आणखी लागतो. माझ्या बागेच्या वाटेवर रिव्हर्स घेताना नेमकी हीच अवस्था येते. मी म्हणालो की पुढचे एकच चाक चढवून दोन्ही बाजूंना फुल टर्न करून दाखवा, मजुरी देतो. त्यावर उत्तर मिळाले की एकदा रिमवर चढवलेला टायर परत घेतला जात नाही. दोनशे रुपयांचा शर्ट अंगाला लावून पाहता येतो आणि ज्यावर घरच्या माणसांचा जीव अवलंबून आहे ती वस्तू मात्र न पाहता घ्यायची! घासलाच तर काय, असे विचारल्यावर प्लास्टिक कापून देतो, नाहीतर गाडी उंच करणारा लिफ्ट किट टाकून देतो, असे सांगण्यात आले. आधी चुकीचा टायर विकायचा आणि मग त्याच्या दुरुस्तीचे पैसे घ्यायचे, याला मी धंदा मानत नाही.

रिमच्या रुंदीचे तर नावच नको. माझे रिम साडेसात इंच रुंद आहे. २६५ च्या टायरला ते चालते, पण २८५ साठी ती बहुधा अगदी खालची मर्यादा असते. टायर अरुंद रिमवर आवळून बसवला की त्याच्या बाजू फुगतात आणि रस्त्याला टेकणारा पट्टा मधोमध जास्त झिजतो. प्रत्येक टायरची चालणारी रिम-रुंदी उत्पादकाच्या तक्त्यात दिलेली असते, पण तो तक्ता उघडून पाहण्याची तसदी मला भेटलेल्या एकानेही घेतली नाही.

भारांकाबाबतचे अज्ञान त्याहून संतापजनक आहे. माझ्या मूळ टायरवर ११२ लिहिले आहे, म्हणजे एक टायर ११२० किलो पेलतो. ११० असता तर १०६० किलो पेलला असता. नवा टायर मूळ भारांकापेक्षा खाली चालणार नाही, एवढेच माझे म्हणणे होते. "मोठा टायर आहे, वजन जास्तच घेणार," असे मला ठामपणे ऐकवण्यात आले, जे सरळ खोटे आहे, कारण आकार आणि भारांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एलटी, म्हणजे हलक्या ट्रकसाठीच्या प्रकारचा टायर घेतला तर तेवढेच वजन पेलायला त्यात हवा अधिक लागते, आणि हे दुकानदार मात्र येईल त्या गाडीत पस्तीसची हवा भरून मोकळे होतात. उत्पादनाची तारीख पाहायला बाजूवरचे चार आकडे वाचू लागलो, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, तर त्याचाही त्यांना राग आला.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. उद्या अपघातानंतर विमा कंपनीने टायरच्या मापावर बोट ठेवले, तर दुकानदार हात झटकून मोकळा होईल आणि जाब मला द्यावा लागेल.

आणि स्टेपनी? मिळालेल्या प्रत्येक कोटेशनवर चारच टायर होते. चारचाकी ओढीच्या (फोर व्हील ड्राइव्ह) गाडीत तीन चाके ८३१ ची आणि एक ७७६ चे ठेवून ती ओढ कोरड्या, टणक रस्त्यावर लावली तर सगळा ताण गिअर आणि डिफरन्शियलवर येतो, आणि मोठा टायर हौद्याखालच्या मूळ जागेत मावतो की नाही हे कोणी वाकूनही पाहिले नाही. मला २६५/७० आर १७ चे पाच टायर हवे आहेत, भारांक ११२ किंवा वरचा आणि तारीख ताजी. ते बिलावर लिहून देणारा आणि पुढचे एक चाक आधी चढवून भरल्या गाडीत फुल टर्न दाखवणारा दुकानदार भेटेपर्यंत मी एक रुपयाही देणार नाही.