गणपतीआधी टीव्ही घेणाऱ्यांसाठी खात्रीचे सल्ले

गणपतीत घर माणसांनी भरलेलं आणि भिंतीवर मात्र जुनाच 24 इंची टीव्ही, हा तुमच्या मुंबईतल्या नोकरीचा धडधडीत अपमान आहे. तेव्हा घ्याच. खिशात 20-25 हजार असले की 43 इंची फोरके, म्हणजे फार बारीक टिंबांच्या पडद्याचा टीव्ही, मिळून जातो. सप्टेंबर 2025 मध्ये 32 इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे आता लहान घेण्याला काही सबबच उरली नाही.

टीव्ही निवडताना त्याच्याकडे बघू नका, खोक्याकडे बघा. ज्यावर शिक्के जास्त तो चांगला. एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला फरक ठसठशीत दाखवण्याचा, शिक्का तर हवाच. एचडीआर सिनेमे साधारण 1000 निट्स (हे उजेडाचं माप) या हिशेबाने रंगवतात आणि या किमतीतल्या बऱ्याच पॅनलची, म्हणजे पडद्यांची, धाव अडीचशेच्या आसपास संपते, असल्या चौकशा करू नयेत. टीव्ही एचडीआरला ओळखतो, एवढं पुरे. आपणही पालकमंत्र्यांना ओळखतोच की. क्यूएलईडी हे एलसीडीच असतं, मागे दिवा असतोच, मध्ये फक्त रंग खुलवणारा एक थर जास्त. पण हे वाडीत कोण सांगायला बसलंय? ज्याचं टिंबन् टिंब स्वतःच उजळतं तो 'ओएलईडी घेतला' म्हणून ठोकून द्या.

फोरके का घ्यायचा, तर फ्री डिश बघायला. साध्या एसडी चॅनलच्या चित्रात 720 गुणिले 576 टिंबं, फोरकेच्या पडद्यावर 3840 गुणिले 2160. म्हणजे दर 20 टिंबांतली 19 टीव्हीने अंदाजपंचे भरायची. मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा मेणाचा दिसू लागला की समजा, पैसे वसूल होतायत. शिवाय 43 इंची पडद्यावर साडेपाच-सहा फुटांपलीकडून फोरके आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्याला कळत नाही. तुम्ही झोपाळ्यावरून, बारा फुटांवरून बघणार. म्हणून तर फोरकेच घ्यायचा.

दुकानात टीव्हीवर निळाशार समुद्र आणि लालभडक पोपट चालू असेल. मोड 'व्हिविड', उजेड शंभरावर. ज्याच्या परसामागे खराखुरा समुद्र आहे त्याला समुद्र दाखवून टीव्ही विकतात, या हिमतीला दाद म्हणून तरी घ्या. पेनड्राइव्हवर दशावतारातला रात्रीचा एखादा प्रवेश नेऊन 'हा लावून दाखवा' असं म्हणू नका. काळ्या पडद्यापुढचा काळ्या झग्यातला राक्षस वेगळा दिसतो की राखाडी चिखलात नुसते दात हलतात, हे तिथेच कळेल आणि खरेदीचा मूड जाईल. मोड 'सिनेमा'वर करायला सांगू नका. तीन पावलं बाजूला सरकून तर मुळीच बघू नका.

कारण बाजूने बघितलं की एलसीडी पॅनलची जात कळते, व्हीए की आयपीएस. व्हीए पॅनलचा काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, 3000 ला 1 किंवा त्याहून वर, पण कडेला बसलेल्याला रंग विटलेले दिसतात. आयपीएस 1000 ला 1 च्या घरात, काळा जरा राखाडी, पण कुठूनही बघा, रंग सारखे. आता तुमच्या घरी डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, लागली की पंचवीस माणसं बसणार, भाऊ खिडकीत, पोरं पडद्याखाली, आजी माजघराच्या दारात. मग आयपीएस की व्हीए? दुकानदाराला विचारू नका. त्याला ठाऊक नसतं, आणि सकाळच्या बोहनीच्या वेळी बिचाऱ्याला तोंडघशी कशाला पाडायचं? आजीला बुवांचा भगवा फेटा पांढुरका दिसला तर मोतीबिंदूवर ढकलता येतं.

उरला गावच्या हवेचा प्रश्न. तो प्रश्नच नाही. टीव्ही पश्चिमेकडच्या चिऱ्याच्या भिंतीला ठोका, जिला पावसात आतून ओल येते. मागचा पत्रा आणि एचडीएमआयची तोंडं खाऱ्या वाऱ्याने गंजली तरी समोरून दिसत नाहीत. मागच्या जाळीतून पाल शिरते, तिलाही ऊब लागते. स्टॅबिलायझर नको, 'यात इनबिल्ट आहे' असं सेल्समन म्हणालाय. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढायला उठू नका, क्लायमॅक्स चुकेल. फार तर प्लग काढा, पण डिशच्या छत्रीची केबल राहू द्या, वीज तिथूनही आत येते. वॉरंटीच्या कार्डावर बारीक अक्षरांत 'वीज पडणे, व्होल्टेज कमी-जास्त होणे वगळून' असं असतं, ते चष्मा लावून वाचण्याजोगं साहित्य नव्हे.

आणि घ्यायचा तो ऑनलाइन सेलमध्ये, नाव कधी न ऐकलेल्या कंपनीचा. कुरिअरवाला वाडीपर्यंत येत नाही, फाट्यावर खोका ठेवून फोन करतो. रिक्षातून आडवा घालून आणताना शेजारी विचारणारच, ''केवढ्याक गावलो?'' दोन हजार कमी करून सांगा. पुढे पडद्यावर उभी रेघ आली की कंपनीचा माणूस घाट उतरून येईल, आज नाही तर तुळशीच्या लग्नापर्यंत. येऊन सांगेल की पॅनल गेलं, आणि नव्या पॅनलचा जो आकडा सांगेल त्यात थोडे घातले की नवा टीव्ही येतो. तेव्हा पडदा एकदा पुसा, रेघेच्या डावीकडचं नीट दिसतं तोवर बघा, आणि दिवाळीच्या सेलला 50 इंची बघायला घ्या.